आधी निदान, मग पाना

मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि रस्त्यांवरच्या गाड्या जिथल्या तिथे बुडाल्या. त्यानंतरही पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या शहरात हे लहानमोठ्या प्रमाणात घडतच आलं आहे. पाण्यात अडकलेल्या गाडीच्या इंजिनाला धोका दोन वेगळ्या क्षणी असतो. पहिल्या क्षणी इंजिन चालू असतं, हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडापर्यंत पाणी चढतं आणि हवेबरोबर आत जाऊन इंजिन बंद पाडतं. हा क्षण चालकाला नेहमी टाळता येतोच असं नाही. दुसरा क्षण मात्र पूर्णपणे त्याच्या हातात असतो. गाडी बंद पडल्यावर घाबरलेला माणूस सवयीने पुन्हा सेल्फ मारतो. पिस्टन चढून वरच्या टोकाला पोचतो तेव्हा त्याच्या डोक्यावर उरलेली जागा मूळच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. हवा तेवढ्यात मावते, कारण ती दाबली जाते. पाणी दाबलं जात नाही. नशीब बरं असेल तर सेल्फ जागीच अडकतो. नाहीतर एका सिलिंडरमध्ये पाणी असतानाच दुसऱ्यात ठिणगी पेटते, क्रँक जोराने फिरतो आणि मध्ये सापडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. मग इंजिन उतरवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. अनेक साध्या विमा पॉलिसींत हे नुकसान बसत नाही. म्हणून तर ‘इंजिन प्रोटेक्शन’ नावाचं जादा कवच वेगळा हप्ता घेऊन विकलं जातं. चावी पुन्हा फिरवायची की नाही हे ठरवायला त्या क्षणी पाना लागत नाही, मेकॅनिक लागत नाही. पिस्टन वर जाताना आत काय होतं, एवढं माहीत असावं लागतं.

नवशिक्याने इंजिनाचं काम कुठून शिकायला घ्यावं, या प्रश्नाचं माझं उत्तर या उदाहरणात आहे. हे शिकणं म्हणजे पान्यांचा संच घ्यायचा, बोनेट उघडायचं आणि काहीतरी सोडवून पुन्हा बसवायचं, असा आपल्याकडे समज आहे. हात चालायला हवेत हे खरंच. पण बोल्ट सोडवणं हा या विद्येचा सर्वांत स्वस्त भाग आहे. कुठला बोल्ट सोडवायचा आणि कुठल्याला हातही लावायचा नाही, हे कळणं महाग आहे. म्हणून आधी निदान शिकावं, दुरुस्ती त्याच्या मागून येऊ द्यावी, असं मला वाटतं. याच्या जोडीला दुसरं एक विधान आहे आणि ते पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटेल. आजच्या, संगणकाने भरलेल्या गाडीवर निदान शिकणं हे वडिलांच्या पिढीतल्या साध्या गाडीवर शिकण्यापेक्षा सोपं आहे. ‘पूर्वीच्या गाड्या कुणालाही दुरुस्त करता यायच्या, आता सगळं इलेक्ट्रॉनिक झालं’ हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडतं, की ते पारखून घ्यायची गरजच कुणाला वाटत नाही.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार झालेली पद्मिनी घ्या. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, त्याला कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर. मुंबईचे टॅक्सीवाले तिची कितीतरी कामं रस्त्याच्या कडेला उरकत: पॉलिश पेपरने पॉइंट घासणं, जेटमधला कचरा फुंकून काढणं, प्लग काढून तारेच्या ब्रशने साफ करणं. १९८३च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८००चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिनही असंच मोकळंढाकळं होतं. बोनेट उचललं की हात बहुतेक सगळीकडे पोचायचा. पण हात पोचणं वेगळं आणि दोष कळणं वेगळं. गाडी चढावर दम टाकू लागली तर पॉइंटचा गॅप बिघडलेला असेल, कंडेन्सर गेलेला असेल, टायमिंग सरकलेलं असेल, जेट तुंबलं असेल, पेट्रोल पंपाचा पडदा फाटला असेल, नाहीतर व्हॉल्व्ह नीट बसत नसेल. यातलं नेमकं काय, हे गाडी सांगत नसे. ते उस्तादाच्या कानाला कळे, नाकाला कळे, सायलेन्सरपुढे धरलेल्या तळहाताला कळे. तो कान वर्षानुवर्षं गॅरेजात घालवल्यावर तयार होई आणि दुसऱ्याला काढून देता येत नसे. उस्ताद बरोबर बोलतोय की चूक, हे पडताळायचं कुठलंच साधन शिकाऊ पोराकडे नव्हतं. त्याने पाहत राहायचं आणि विश्वास ठेवायचा. त्या कानांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ती पद्धत आयुष्याची वर्षं देऊ शकणाऱ्यासाठी होती. नोकरी सांभाळून रविवारी दोन तास काढणाऱ्या माणसाला तिच्यात शिरकाव नव्हता.

हे चित्र बदललं ते प्रदूषणाच्या कायद्याने. २०००च्या सुमारास युरोपीय धर्तीचे उत्सर्जनाचे नियम आले, तशी नव्या मोटारींतून कार्ब्युरेटरची गच्छंती झाली. एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा, हे प्रमाण सतत राखलं तरच धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतो आणि इतका काटेकोरपणा कार्ब्युरेटरच्या आवाक्याबाहेरचा. म्हणून इंजेक्टर आले, त्यांना हुकूम सोडणारा ईसीयू आला आणि ईसीयूला खबर पुरवणारे सेन्सर आले: हवा किती शिरली, इंजिन किती तापलं, क्रँक कुठे आहे, जळून बाहेर पडलेल्या वायूत ऑक्सिजन किती उरला. पुढे नियमांनी आणखी एक गोष्ट सक्तीची केली. उत्सर्जन बिघडवणारा दोष गाडीने स्वतः ओळखावा, त्याची नोंद ठेवावी आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लावावा. भारतात ओबीडी नावाचा हा नियम २०१०पासून टप्प्याटप्प्याने आला, २०१३मध्ये त्याची दुसरी पायरी लागू झाली आणि १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ आल्यावर तो आणखी कडक झाला. या नोंदी कोडच्या रूपात वाचायला स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. मालकाला ते बहुधा माहीतही नसतं. उत्सर्जनाशी संबंधित मूळ कोडची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकच ठेवलेली आहे आणि ती वाचून मोबाइलवर दाखवणारं छोटं यंत्र एका साध्या सर्व्हिसिंगच्या बिलापेक्षा कमी पैशात येतं. कायदा हवेसाठी केला गेला. शिकणाऱ्याच्या पदरात त्यातून असं काही पडलं जे पद्मिनीच्या काळात कुणाकडेच नव्हतं: आपला अंदाज खरा की खोटा, हे उस्तादाला न विचारता ताडून पाहायची सोय.

एक नेहमीचा दोष जवळून पाहू. गाडी सिग्नलला थरथरते, पिकअप गेलेला असतो, पिवळा दिवा लुकलुकतो. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग करते’. यंत्र लावल्यावर कोड येतो पी ०३०१. त्याचा अर्थ इतकाच, की पहिल्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही. का पेटत नाही, हे कोड सांगत नाही. ठिणगी कमी पडते, इंधन पोचत नाही किंवा दाब बसत नाही, या तिन्हींपैकी काहीतरी. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र इग्निशन कॉइल असते, बहुधा एकाच बोल्टने बसवलेली. इंजिन बंद करून थंड होऊ द्यायचं आणि पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करायची. कोड पुसायचा, इंजिन काही मिनिटं चालवायचं, पुन्हा वाचायचा. आता पी ०३०२ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइल गेली. पी ०३०१च राहिला तर कॉइल निर्दोष सुटली आणि पाळी प्लगची. त्याचीही तशीच अदलाबदल. काढलेला प्लग स्वतःही पुष्कळ सांगतो. टोक फिकट तपकिरी असेल तर आतलं जळण ठीक, कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, तेलकट काळं असेल तर ऑईल वर चढतंय. प्लगही निर्दोष ठरला तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन उरतात आणि इथे नवशिक्याने थांबून गॅरेज गाठावं हेच शहाणपणाचं. एवढं होईपर्यंत एकही पार्ट विकत घ्यावा लागलेला नाही. या परीक्षेत दिव्याकडे मात्र लक्ष हवं. लुकलुकणारा दिवा सांगतो की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेट घेतंय आणि कन्व्हर्टर त्या उष्णतेने वितळू शकतो. अशा वेळी गाडी दामटायची नाही. दिवा स्थिर असेल तर सवडीने बघता येतं.

‘पण मग शिकायचं काय राहिलं? यंत्र सांगेल ते बदलायचं,’ असं कुणी म्हणेल. हा आक्षेप मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण आज पुष्कळ गॅरेजांत नेमकं हेच चालतं. पी ०१७१ हा कोड घ्या. मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी, असं तो म्हणतो. हे ईसीयूला कळतं ऑक्सिजन सेन्सरच्या खबरीवरून, म्हणून सेन्सर बदलला जातो. सेन्सर बहुधा खरं तेच सांगत असतो. त्याला बदलून तक्रार मिटत नाही. खरं कारण हवेच्या मार्गातल्या चिरलेल्या रबरी नळीत असेल, मळलेल्या हवामापक सेन्सरमध्ये असेल किंवा दमलेल्या पेट्रोल पंपात असेल. त्यांतला फरक ओळखायला आणखी एक आकडा वाचावा लागतो. ईसीयू ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के इंधन वाढवून किंवा घटवून देतोय, तो ‘फ्युएल ट्रिम’. इंजिन आयडलिंगवर असताना ट्रिम खूप वर असेल आणि रेस केल्यावर शून्याजवळ उतरत असेल, तर कुठेतरी चोरून हवा शिरतेय; कमी हवेच्या वेळी ती चोरी जास्त जाणवते, जास्त हवेत ती बुडून जाते. उलट, गाडीवर लोड येईल तशी ट्रिम वर चढत असेल तर पंप किंवा फिल्टर पुरा पडत नाही. कोडने फक्त प्रश्न विचारला. उत्तर काढायला हवा, इंधन आणि वेग यांचं नातं डोक्यात असावं लागतं आणि शिकायचं राहतं ते हे नातं.

२०२५च्या पावसाळ्यात इथेनॉल मिसळलेल्या ई-२० पेट्रोलवरून जो गदारोळ झाला, त्यातही या समजेची उणीव दिसली. महाराष्ट्राला हा विषय परका नाही. आपल्या उसाच्या पट्ट्यातल्या कारखान्यांचं गणित आता इथेनॉलशी जोडलेलं आहे. पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. शिवाय लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी. तेव्हा इथेनॉल वाढलं की ईसीयूने इंधन वाढवून देणं स्वाभाविक आहे आणि ॲव्हरेज घसरणंही. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच जुन्या धर्तीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरलेली होती. पण त्या महिन्यांत गाडीचा प्रत्येक आजार ई-२०च्या खात्यावर टाकला गेला, आणि दुसऱ्या बाजूने प्रत्येक तक्रार अफवा ठरवली गेली. ट्रिम वाचता येणाऱ्याला या दोन्हींची गरज नाही. इथेनॉलमुळे वाढलेली ट्रिम आयडलिंगला आणि वेगात साधारण सारखी दिसेल. नळी चिरली असेल तर ती तशी दिसणार नाही. आपल्या गाडीला नेमकं काय झालंय, हे त्याला वर्तमानपत्रातून शोधावं लागत नाही.

सगळंच काही यंत्र लावून कळत नाही. सकाळी चावी फिरवली, सेल्फ फिरला नाही, नुसतं ‘टक’ झालं. आपल्याकडे याचं ठरलेलं उत्तर म्हणजे बॅटरी गेली. असेलही. तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत; १२ वर आली असेल तर ती जवळपास रिकामी आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसले तर अल्टरनेटर चार्ज करतोय. आता समजा, बॅटरीवर १२.६ आहेत आणि तरीही ‘टक’च होतंय. मग मीटरची एक काडी बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि दुसरी त्याच खुंटीला आवळलेल्या क्लॅम्पवर ठेवायची आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगायचं. दोन्ही एकमेकांना घट्ट भिडलेले असतील तर मीटर जवळपास शून्य दाखवेल. एखाददुसरा व्होल्ट दिसला, तर करंट तिथेच अडतोय. टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर जमलेला आहे. कोमट पाणी, ब्रश आणि पुन्हा नीट आवळणं, एवढंच काम. इथे एक बारीक गोष्ट आहे आणि माझ्या मते या संपूर्ण विषयाचं मर्म तिच्यात आहे. ही तपासणी न करता नवी बॅटरी घातली, तरी गाडी सुरू होईल, कारण बॅटरी बदलताना टर्मिनल खरवडून साफ केलेच जातात. मालक समाधानी, मेकॅनिकही समाधानी, आणि चुकीचं निदान दोघांच्याही मनात बरोबर म्हणून पक्कं बसतं. गाडी सुरू झाली हा निदान बरोबर असल्याचा पुरावा होत नाही. बदल एका वेळी एकच करायचा आणि प्रत्येक बदलानंतर मोजायचं, ही शिस्त या चुकीवरचा एकमेव इलाज आहे.

धोक्याचा आक्षेप खरा आहे आणि त्याला टाळाटाळीचं उत्तर देऊ नये. तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण उघडणं म्हणजे वाफ कोंडलेल्या प्रेशर कुकरचं झाकण उघडणं. आतलं पाणी शंभर अंशांच्या वर असूनही केवळ दाबामुळे उकळत नसतं आणि झाकण फिरताच उसळून अंगावर येतं. रेडिएटरचा विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये, खाली भक्कम स्टँड हवेतच. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवणं जीवघेणं आहे, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि डिझेलवाल्यांसाठी सर्वांत महत्त्वाची सूचना: जुन्या डिझेल इंजिनात मेलेला सिलिंडर शोधायला मेकॅनिक इंजेक्टरच्या पाइपचे नट चालू इंजिनावर एकेक करून सैल करत. कॉमन रेल इंजिनात हे कधीही करायचं नाही. तिथला दाब दीड-दोन हजार बारच्या घरात असतो आणि त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. ही सगळी वाक्यं इंजिनापासून दूर राहण्याची कारणं म्हणून वाचली जातात. मला त्यांत उलट दिसतं. यातला प्रत्येक धोका पान्यापेक्षा समजेने टळतो. रस्त्यात गाडी गरम झाल्यावर घाईने झाकण उघडणारा माणूस दुरुस्ती शिकायला निघालेला नसतो. त्याला कुणी काही शिकवलेलंच नसतं.

मग अडतं कुठे? यंत्रात अडतं त्याहून जास्त माहितीच्या वाटपात अडतं. याचा भक्कम पुरावा सरकारी दफ्तरात आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची साधनं खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल. बाहेरच्या गॅरेजात काम केलं एवढ्याच कारणावरून वॉरंटी सरसकट रद्द करण्याची अट घालू नये, असंही आयोगाने बजावलं. त्यावर अपिलं झाली आणि लढाई कोर्टात गेली. जुलै २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या कक्षेतही मोटारी आल्या. कंपन्यांचं म्हणणं असं, की अर्धवट माहितीने लोक ब्रेक, एअरबॅग, इंधनाची वाहिनी यांच्याशी खेळतील. एअरबॅगबद्दल त्यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पण प्लग किती टॉर्कला आवळायचा, कुठल्या वायरवर किती व्होल्ट यायला हवेत, टायमिंग बेल्ट किती किलोमीटरला बदलायचा, ही माहिती दडवून कुणाची सुरक्षितता वाढते? माहिती मिळाली नाही म्हणून काम थांबत नाही, ते अंदाजाने होतं. वॉरंटीतल्या गाडीबाबत माझा सल्ला साधा आहे. कोड वाचावा, आकडे टिपून ठेवावेत, तक्रार लेखी द्यावी आणि पाना बाजूला ठेवावा. निदान शिकायला वॉरंटी आड येत नाही.

गॅरेजवाल्यांच्या पोटावर पाय येईल, हाही आक्षेप ऐकू येतो आणि तो आपुलकीतून येतो म्हणून त्याला जास्त जागा द्यायला हवी. आपल्याकडे गॅरेजात निदानाचे पैसे कुणी देत नाही. मेकॅनिकने तासभर डोकं लावून सैल झालेला एक कनेक्टर शोधला आणि दाबून बसवला, तर गिऱ्हाईक म्हणतं, ‘यात काय, नुसतं तर दाबलंस!’ त्याच मेकॅनिकने आठ हजारांचा सेन्सर बदलला तर बिल मुकाट्याने भरलं जातं. विचार करणाऱ्याला शिक्षा आणि पार्ट खपवणाऱ्याला बक्षीस, अशी रचना आपण गिऱ्हाइकांनीच उभी केली आहे. तिच्यात प्रामाणिक मेकॅनिकही हळूहळू पार्ट बदलू लागतो, कारण त्यालाही दुकानाचं भाडं भरायचं असतं. कॉइलची अदलाबदल स्वतः करून पाहिलेल्या माणसाला त्या तासाची किंमत कळते. तो ‘तपासणीचे किती?’ असं विचारतो, बदललेला जुना पार्ट मागून घेतो आणि चांगल्या कारागिराला सोडून जात नाही. बाई एकटी गाडी घेऊन गेली की तिला न विचारता यादी लांबवायची, हा अनेक ठिकाणचा अनुभवही आकडे टिपून आणणाऱ्या गिऱ्हाइकापुढे टिकत नाही. शिकलेल्या गिऱ्हाइकामुळे ज्याचा धंदा बुडेल असा गॅरेजवाला असेलच, पण तो जपण्याजोगा नाही. हेड उतरवणं, व्हॉल्व्ह बसवणं, बोअर करणं, ही कामं घरी होणारी नाहीत. ती त्याच्याकडेच राहतील आणि अधिक मानाने राहतील.

इलेक्ट्रिक गाड्या येताहेत, मग कशाला शिकायचं? याला फार शब्द लागत नाहीत. आज नोंदणी झालेल्या पेट्रोल गाडीची पहिली नोंदणीच पंधरा वर्षांची असते. इलेक्ट्रिक गाडीतही बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि ती उतरली तर गाडी हलत नाही. मल्टिमीटरने व्होल्ट मोजण्याची वर सांगितलेली तपासणी तिथेही चालते. तिथल्या नारिंगी रंगाच्या जाड केबलना हात लावायचा नाही, हेही शिकवावंच लागेल.

आता प्रत्यक्ष शिकण्याची सोय. आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक मोटर व्हेइकल’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, दहावीनंतरचा, पोट भरण्यासाठीचा. त्याखाली, गाडी चालवणाऱ्या सामान्य माणसासाठी, पायरीच नाही. ड्रायव्हिंग स्कूल क्लच आणि रिव्हर्स शिकवतं, बोनेट उघडायला शिकवत नाही. मराठीत सर्व्हिस मॅन्युअल मिळत नाही आणि गाडीबरोबर येणारी मालकाची पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीतच राहते. खरं तर ऑईलची ग्रेड, प्लगचा प्रकार, फ्यूजचा नकाशा हे सगळं बहुधा तिच्यात असतं. जिल्ह्याजिल्ह्यातल्या आयटीआयच्या कार्यशाळा रविवारी बंद असतात. तिथे जॅक, स्टँड, कापून उघडं केलेलं इंजिन आणि शिकवणारे निदेशक, सगळं हजर असतं. सहा-आठ रविवारांचा एक वर्ग तिथे चालवणं काही अवघड नाही. सुरुवात कापलेल्या इंजिनापासून व्हावी: पिस्टन हाताने फिरवून चार स्ट्रोक पाहायचे, व्हॉल्व्ह कधी उघडतो आणि कधी मिटतो ते मोजायचं. मग डिपस्टिक, कूलंट, बेल्ट, फ्यूज. मग मल्टिमीटर. मग सोळा पिनांचं सॉकेट आणि चांगल्या चालणाऱ्या गाडीचे आकडे, कारण निरोगी आकडे माहीत नसतील तर बिघडलेले ओळखता येत नाहीत. प्लग हातात द्यायचा तो त्यानंतर. तो बसतो ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये. आटे आधी बोटांनी फिरवून धरतात की नाही ते पाहायचं, अडला तर जोर न करता परत काढायचा, आणि शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्याला. आटे गेले तर हेड उतरवण्याची पाळी येऊ शकते, हे निदेशकाने तिथेच, आटे गेलेलं एखादं जुनं हेड समोर ठेवून दाखवावं.